विंगेतून दिलेली उत्तरं

रोज संध्याकाळी सहा वाजता हळूबाई मनगटावरचं घड्याळ काढायच्या, रुमालात गुंडाळायच्या आणि ते गाठोडं उशीखाली सरकवायच्या. घड्याळाची टिकटिक विंगेत ऐकू जाते, असं त्यांचं म्हणणं. मग किल्ल्या खिळ्याला, सुटी नाणी डब्यात, चपला पलंगाखाली आणि पायात जाड लोकरी मोजे. एवढं झालं की खोलीच्या मधोमध उभं राहून स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची. साठी उलटलेली ठेंगणी बाई, पण गिरकी मात्र परकर सांभाळत फिरणाऱ्या मुलीसारखी. अंगावरचं काहीच वाजलं नाही की लाकडी जिना उतरून थेट रंगमंचाच्या डाव्या विंगेत, आपल्या स्टुलावर.

हळूबाई प्रॉम्प्टर होत्या. नट अडला की अंधारातून त्याला पुढचा शब्द द्यायचा, आणि तो फक्त त्यालाच ऐकू जाईल असा द्यायचा, हे त्यांचं काम. पहिल्या रांगेतल्या माणसालासुद्धा कानोकान खबर लागता कामा नये. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची वाक्यं श्वासावर ठेवून पोचवली होती. नाट्यगृहाच्या मागे, जिन्याच्या वर, दोन लहान खोल्या त्यांना राहायला दिलेल्या होत्या. खाली प्रयोग चालू असला की त्या खोल्यांच्या फरशीतून टाळ्यांचा आवाज पावसासारखा वर यायचा. खरं नाव व्यवस्थापकाच्या रजिस्टरात असेल. बाकी सगळ्यांच्या तोंडी हळूबाईच. हा शब्द मात्र सगळे मोठ्यानं उच्चारत, आणि त्यातच गंमत होती.

त्यांच्या भाचीला मात्र ती नुसती आत्या होती. भाचीचे आईवडील दोघंही नोकरी करायचे, म्हणून लहानपणच्या तिच्या संध्याकाळी विंगेत, घडी घालून ठेवलेल्या जुन्या पडद्यावर बसून गेल्या. समोर झगझगीत उजेडात माणसं रडायची, भांडायची, मरायची. आणि इकडे अंधारात आत्याचं बोट वहीच्या ओळींवरून मुंगीसारखं चालत राहायचं. त्या दिवसांत आत्यानं तिला धंद्यातल्या दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली, पूर्ण वाक्य कधी द्यायचं नाही. सुरुवात द्यायची, बाकीचं त्याच्याच पोटात असतं. दुसरी, थांबलेला माणूस आणि विसरलेला माणूस यांत गल्लत करायची नाही. विसरलेल्याचा श्वास वर, गळ्याशी अडकतो. थांबलेल्याचा खाली, पोटात शांत बसलेला असतो. थांबलेल्याला शब्द दिलास तर तो तुला जन्मभर माफ करणार नाही, असं आत्या सांगायची.

भाची मोठी होऊन सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवायला लागली. दिवसभर या काठावरून त्या काठाला ओरडायचं. घराण्यातला सगळा आवाज एकटीनं पळवलाय हिनं, असं आत्या म्हणायची; आणि भाची म्हणायची, तू वापरत नव्हतीस, पडून होता, म्हणून घेतला.

आत्या आजारी पडली ती तालमीच्या एका दुपारी. जन्मभर राजांच्याच भूमिका केल्यामुळे ज्यांना सगळे ‘राजे’ म्हणत, ते जुने नट एका भाषणात ठरलेल्या जागी अडले. त्या जागी ते दहा वर्षं अडत आले होते, आणि दहा वर्षं विंगेतून शब्द येत होता. त्या दिवशी आला नाही. राजे थोडा वेळ थांबले, मग डाव्या बाजूला वळून म्हणाले, की हळूबाई, आज संप आहे का? सगळे हसले. मग कुणीतरी आत जाऊन पाहिलं. आत्या स्टुलावर बसलेली होती, भिंतीला टेकून. वही मांडीवर उघडी, डाव्या हाताचं बोट बरोबर त्याच ओळीवर. उजवा हात मात्र खाली लोंबत होता. तोंड उघडमीट होत होतं. राजे पुढं सांगायचे, की तेव्हा तिला शब्द द्यावा असं मला फार वाटलं, पण कुठला द्यायचा तेच सुचेना.

मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. इस्पितळातल्या डॉक्टरांनी स्वतःच्या डाव्या कानाच्या वर दोन बोटं टेकवून भाचीला जागा दाखवली. उजवा हात हळूहळू थोडा सुधारेल, म्हणाले. भाषेचं आत्ताच सांगता येत नाही. त्यांच्या सांगण्यावरून भाचीला पहिल्यांदाच कळलं, की बोलणं हा एकच एक गठ्ठा नसतो. ऐकलेलं समजणं वेगळं, नाव आठवणं वेगळं, ऐकलेलं पुन्हा म्हणणं वेगळं, वाचणं, लिहिणं आणखी वेगळं. एखादं जातं, शेजारचं शाबूत राहतं. काय गेलंय आणि काय उरलंय हे चाचणी घेतल्याशिवाय समजत नाही.

आणि त्या चाचणीवर सगळंच टांगलेलं होतं. पेशंटला कुठं पाठवायचं हे ठरवायला सोमवारी तीन जणांची बैठक होती. माणसाला बोलता आलं नाही तरी चालेल, पण समोरच्याचं बोलणं समजलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ‘गॅस बंद करा’, ‘जिन्यावरून सरका’, ‘धूर येतोय, बाहेर या’ हे कळत नसेल तर तिला एकटं ठेवता येणार नाही. मग गावाबाहेरचं देखभाल केंद्र. भाची स्वतः दुसऱ्या एका बाईबरोबर एका खोलीत राहत होती. तिथं तिसरी गादी टाकायलासुद्धा जागा नव्हती. ती केंद्र बघून आली. स्वच्छ होतं, बागही होती. पण जेवणघराच्या भिंतीवर टीव्ही मोठ्यानं लावलेला होता आणि तिकडे कुणीच बघत नव्हतं. आत्याला इथं आणून बसवलं तर काय होईल, हा विचार तिनं बसमध्ये बसल्यावर केला, आणि तिचं उतरायचं ठिकाण मागं गेलं.

बुधवारी पहिली चाचणी झाली. स्पीच थेरपिस्ट तिशीतली होती, केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, कायम सर्दी. भाचीला तिनं बाहेर बसवलं. तासाभरानं बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. एक ते दहा आकडे आत्यानं म्हटले होते, मोठ्यानं आणि ओळीनं, वारही म्हटले. पण ती पाठ असलेली गोष्ट, ती फार काही सांगत नाही. चित्रं दाखवली तर गप्प. ‘माझ्यामागून म्हणा’ सांगितलं तर गप्प. ‘पेन्सिल उचला’ सांगितलं तर मान वळवून, तोंडावर हात धरून खिडकीकडे बघत बसली. समज अगदीच कमी दिसतेय, असं थेरपिस्ट म्हणाली, आणि मग घाईनं, की शुक्रवारी अजून एकदा घेऊ.

त्या रात्री भाचीला स्वप्न पडलं. रिकाम्या तलावात आत्या पाण्याखाली पोहत होती, सावकाश, डोळे उघडे ठेवून. तोंडातून बुडबुडे वर येत होते, आणि प्रत्येक बुडबुडा पृष्ठभागाशी येऊन न फुटता तसाच थांबत होता. भाची काठावर उभी राहून ओरडत होती, आणि घराण्यातला सगळा आवाज असूनही तिचं ओरडणं पाण्यात शिरत नव्हतं.

शुक्रवारी आत्या भाचीचा हात सोडेना. शेवटी थेरपिस्टनं भाचीला आत घेतलं, पण बजावलं. नातेवाइकांना राहवत नाही, ते शब्द पुरवतात. मग मी परीक्षा कुणाची घेतली तेच मला कळत नाही. तेव्हा मागं कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही.

खोली लहान होती. एक टेबल, त्यावर गुणगुणणारा पंखा, छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र, एक पेन्सिल, एक कप, एक किल्ली. खिडकीतून सकाळचा फिकट उजेड येत होता आणि कपाच्या काठावर बसत होता. भाचीची खुर्ची आत्याच्या डाव्या हाताला, जरा मागं. थेरपिस्टनं छापील कागद हातात घेतला आणि वाचलं, “खिडकी. म्हणा, खिडकी.”

आत्यानं मान डावीकडे वळवली. डावा हात ओंजळीसारखा तोंडाशी धरला. पंखा फिरत राहिला. थेरपिस्टनं थोडं थांबून कागदावर खूण केली.

पण कोपऱ्यात भाचीला ऐकू आलं होतं. कुणीतरी मानेवर हलकी फुंकर मारावी तसा, श्वासावर ठेवलेला शब्द तिच्यापर्यंत आला होता. खिडकी. अख्खा. तिच्या अंगावर सरकन काटा आला. दुसरा शब्द आला, तिसरा चुकत, अडखळत आला, पण आला. थेरपिस्ट खुणा करत होती. मग तिनं मोठं वाक्य वाचलं. पेन्सिल उचला, कपाखाली ठेवा, आणि खिडकीकडे बोट दाखवा. आत्यानं पुन्हा मान वळवली. ओंजळ तोंडाशी गेली. पेन्सिल… उचला, अशी कुजबूज कोपऱ्यात पोचली. आणि मग आत्या भाचीकडे बघत बसली, भुवया किंचित वर करून. ही नजर भाचीनं हजारदा पाहिली होती. शब्द दिलाय, घे आता पुढं.

ती खुर्चीतून अर्धी उठलीसुद्धा.

थेरपिस्टनं डोळे वटारले तशी खाली बसली. पण आता तिला सगळं दिसत होतं. ज्याच्या हातात कागद तो खेळत नाही, म्हणजे भूमिका करत नाही, हा नाट्यगृहातला नियम. कागद वाचणाऱ्या बाईंकडून आत्यानं वाक्य घेतलं आणि खेळणाऱ्याला दिलं. खोलीत खेळणारी म्हणून भाची होती. बुधवारी कुणीच नव्हतं, म्हणून खिडकीला दिलं. पेन्सिल स्वतः उचलायची असते हे तिला सुचायचं कारणच नव्हतं. चाळीस वर्षांत तिनं रंगमंचावरची एकही वस्तू उचलली नव्हती.

ब्र काढायचा नाही असं ठरलं होतं. काढला तर चाचणी बाद, आणि सोमवार तीन दिवसांवर. भाचीला वाक्य जुळवायला वेळ लागला, आणि शेवटी निघालं तेही तलावावरच्या आवाजात.

“मॅडम, तुम्ही एकदा माझ्या खुर्चीत बसाल?”

थेरपिस्ट रागावली. मग तिनं भाचीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, नाक पुसलं, आणि उठली. खुर्च्या बदलल्या. कागद भाचीच्या हातात आला. थेरपिस्टनं आपणहून पंखा बंद केला. भाचीनं वाचलं, शिडी. आत्याची मान वळली, ओंजळ उठली. कोपऱ्यात बसलेल्या थेरपिस्टची पेन्सिल कागदावर टेकली ती तशीच राहिली. आणखी चार शब्द झाले. पाचव्याला ती जरा हसली आणि म्हणाली, की या मला शब्द पुरवतायत.

भाचीचा जीव भांड्यात पडला. पण तो पुरता पडायच्या आधीच थेरपिस्टनं मान हलवली. “पुन्हा म्हणता येतं, म्हणजे समजतं असं नाही. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणारे पेशंट असतात, अर्थ पोचलेला नसतो. बैठकीत मला हेच विचारतील. पेन्सिल त्यांनी स्वतः उचलायला हवी.”

मग तिनं परवानगी दिली, की तुम्हाला एकदाच काय सांगायचं ते सांगा, उत्तर सोडून. तिनं कागद दप्तरात घालून टाकला आणि आत्याची खुर्ची उचलून खोलीच्या मध्यावर ठेवली, चहूबाजूंनी मोकळी. आत्या तिथं बसली आणि बावरली. तिचा डावा हात भिंत शोधत होता.

भाची तिच्यासमोर उकिडवी बसली. “आत्या, आज तू विंगेत नाहीस. आज तू स्टेजवर आहेस. वाक्य तुझं आहे.”

“नको,” आत्या म्हणाली. पूर्ण आवाजात.

ती खरंच घाबरली होती. तिचे कान लाल झाले. साऱ्या आयुष्यात एकदाही ती उजेडात गेली नव्हती. प्रयोगानंतर सगळ्यांना बोलावत तेव्हाही ती वहीचं निमित्त करून मागं राहायची. भाचीनं फक्त आत्याच्या पायांतल्या इस्पितळाच्या चपला काढून बाजूला ठेवल्या. आत्यानं आपल्या मोज्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“नको,” ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी जरा कमी आवाजात.

थेरपिस्टनं टेबल आत्याच्या पुढ्यात ओढलं आणि कागदाशिवाय सांगितलं. पेन्सिल उचला, कपाखाली ठेवा, आणि खिडकीकडे बोट दाखवा.

मग आत्याचा डावा हात टेबलावर गेला. किल्लीला शिवला, तिला सोडून पेन्सिलवर आला. पेन्सिल उचलली गेली. आणि हवेत थांबली.

भाचीच्या जिभेच्या टोकावर ‘कप’ आला होता. नुसता ‘क’ दिला असता तरी पुरे होतं. सोमवारी तीन माणसं एका कागदाकडे बघून एका बाईचं उरलेलं आयुष्य ठरवणार होती, आणि एका अक्षरानं ते इकडचं तिकडं झालं असतं. पेन्सिल हवेतच होती. थेरपिस्ट श्वास धरून बसली होती. भाचीनं आत्याच्या हाताकडे बघणं सोडलं आणि तिच्या गळ्याकडे पाहिलं. गळा मोकळा होता. श्वास खाली, पोटाशी, शांत वरखाली होत होता.

आत्या विसरली नव्हती. थांबली होती.

भाचीनं तोंड मिटून घेतलं.

मग आत्यानं पेन्सिल टेबलावर ठेवली, कप उचलला, पेन्सिलीवर आणून ठेवला. कप कलंडला, तिनं तो नीट केला. आणि राजे राज्याभिषेकाच्या प्रवेशात हात करायचे, अगदी तसा, नको तितका ऐटदार हात करून तिनं खिडकीकडे बोट दाखवलं. वाईट अभिनय होता. थेरपिस्टला हसू आवरेना आणि भाचीला रडू.

त्यानंतर चित्रं काढली. पहिलं शिडीचं. आत्या बघत राहिली, ओठ हलले, काही आलं नाही. इथं श्वास गळ्याशी अडकलेला भाचीला स्पष्ट दिसला. हे खरं विसरणं होतं. थेरपिस्टनंही ते ओळखलं असावं. ती थोडी पुढं झुकली आणि फक्त म्हणाली, “शि…”

“शिडी,” आत्या म्हणाली. मग तिनं थेरपिस्टकडे वर मान करून पाहिलं, आणि आजारी पडल्यापासून पहिल्यांदा हसली. ते हसू आभाराचं नव्हतं. सुतारानं दुसऱ्या सुताराचा रंधा बघून हसावं, तसं होतं.

सगळंच सुरळीत निघालं, असं नाही. वीस चित्रांपैकी आपणहून नावं आली ती सहाच. पहिलं अक्षर दिल्यावर आणखी नऊ. वाचताना ओळ तुटायची. डाव्या हातानं लिहिलेलं कुणालाच लागत नव्हतं. वाक्यं दोनतीन शब्दांपलीकडं जात नव्हती. ती पूर्वी अर्धाच शब्द देऊन थांबायची ती सवय, आणि आता अर्ध्यावर थांबते तो आजार, यांत रेघ कुठं ओढू, असं भाचीनं विचारलं तर थेरपिस्ट म्हणाली, की मलाही ओढता येणार नाही. पण समजण्याच्या रकान्यात तिनं ‘चांगलं’ लिहिलं, आणि खाली बारीक अक्षरांत, पहिल्या चाचणीचे गुण धरू नयेत.

बैठकीत तासभर वाद झाला. शेवटी अटी घालून घरी पाठवायचं ठरलं. रोज कुणीतरी जाऊन बघायचं, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, गॅसऐवजी विजेची शेगडी. कठडा नाट्यगृहाच्या सुतारानं एका दुपारीत बसवला आणि कुणी सांगितलं नसताना त्याला घासून पॉलिश केलं.

आत्या त्या दोन खोल्यांमध्ये आणखी अडीच वर्षं राहिली. विंगेत दुसरी बाई आली. आत्या तिच्याशेजारी कधीमधी जाऊन बसायची, पण शब्द द्यायची नाही. गंमत म्हणजे आता ती बोलायची ते मोठ्यानं. दुसऱ्यांची वाक्यं संपली होती. उरलेले थोडे शब्द तिचे स्वतःचे होते, आणि ते जाड, घोगऱ्या, कुणीच कधी न ऐकलेल्या आवाजात निघायचे. एकदा प्रयोग चालू असताना वरून “चहा!” अशी हाक थेट चौथ्या रांगेपर्यंत पोचली. हळूबाईंनी शेवटी पदार्पण केलं, असं राजे त्यानंतर येईल त्याला सांगत सुटले. व्यवस्थापक कपाळाला हात लावून बसला. आत्या दोन दिवस कुणाशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी आपणहून हसत सुटली.

भाची रोज सकाळी तलावावर जायच्या आधी यायची. दोघी खिडकीशी बसून पाव खायच्या. भाची तलावावरच्या गोष्टी सांगायची. आत्या ऐकायची, मधूनच एखादा शब्द शोधायला निघायची आणि बराच वेळ परत यायची नाही. तेवढा वेळ भाची तिच्या श्वासाकडे बघत थांबायची. कधी पहिलं अक्षर द्यायची. बहुतेकदा नाही. खाली सुतारांचं ठोकणं चालू असायचं, उजेडात लाकडाचा बारीक भुसा तरंगायचा, आणि आत्या रिकाम्या हातानं परत आली तरी दोघींचं काही अडायचं नाही.

शेवटच्या सकाळीही वेगळं असं काही झालं नाही. दुपारी आत्या झोपली ती उठली नाही. निरोप भाचीला तलावाच्या काठावर मिळाला. पुढं लोक विचारायचे, की शेवटचं काय म्हणाल्या? काहीतरी मोठं ऐकायला मिळेल असं त्यांना वाटायचं. भाची खरं तेच सांगायची. ती पिशवी खांद्याला लावून निघाली होती, आत्या पलंगावर बसून डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत होती, आणि मान वर न करता म्हणाली होती,

“दार… जोरात ओढ. लागत नाही ते.”